बावीस नंबरचा गृहपाठ

रेजिना : ज्युडला माती देऊन चार दिवस नाही झाले, आणि तू त्याच्या कबरीचा दगड कोरायला निघालास?

क्लिफर्ड : मृतांचा दिवस आठवड्यावर आलाय गं. आचोळ्याहून संगमरवर येऊन पडलाय. नाव मी कोरीन, पण खालच्या ओळी तुझ्या पप्पांच्याच लागतात.

रेजिना : पप्पांना जाऊन दोन वर्षं झाली, क्लिफर्ड.

क्लिफर्ड : सरांची एखादी उरलीसुरली कविता असेल की! गावात कुणी गेलं की तासाभरात ओळी हजर. शाळामास्तर कसला, जातिवंत कवी!

रेजिना : बस जरा. ही वही काल कपाटात सापडली. वर काय लिहिलंय, वाच.

क्लिफर्ड : ‘सातवी ब, जून १९९१.’ अगं, हा तर आपला वर्ग! नावं नाहीत, नुसते हजेरीचे नंबर, आणि प्रत्येकाखाली चार ओळी...

रेजिना : ज्युडचा एकवीस. वाच.

क्लिफर्ड : ‘विहिरीत उतरला परक्या लेकरासाठी. लेकरू वर आलं...’ अरे देवा! ज्युड तर सोमवारी उतरला!

रेजिना : आपल्या वर्गातल्या युजीनचा पंधरा. त्याच्या कबरीवर आहेत त्याच ओळी. पप्पा नुसत्या उतरवून द्यायचे.

क्लिफर्ड : युजीन गेला त्या सकाळी सर रडत होते. चर्चची मरणाची घंटा व्हायच्या आधीच.

रेजिना : मला म्हणाले, डोळे आलेत.

क्लिफर्ड : पान उलट. बावीस माझा.

रेजिना : नको.

क्लिफर्ड : उद्या छातीचा रिपोर्ट आहे. तीस वर्षं दगडाची धूळ गिळतोय. भीती वाटते गं मला. दे इकडे.

(तो पान उलटतो. बराच वेळ खोकत राहतो.)

रेजिना : काय लिहिलंय?

क्लिफर्ड : ‘सगळ्यांची नावं कोरली धूळ गिळून. स्वतःचं कोरायला बसला तेव्हा...’ बारा वर्षांचा होतो मी! छिन्नी तरी कुठे पाहिली होती?

रेजिना : आणि पुढे?

क्लिफर्ड : पुढे कोरं. खाली तांबड्या शाईत, ‘उरलेल्या दोन ओळी घरून लिहून आण. मला दाखव.’

रेजिना : बाकी सगळ्यांच्या पूर्ण आहेत. तुझ्याच अर्ध्या सोडल्यात.

क्लिफर्ड : मलाच का पण? वर्गातला एक नंबरचा ढ मी. जन्मात एकदा गृहपाठ पुरा केला नाही.

रेजिना : पप्पांना ते ठाऊक नव्हतं होय? म्हणूनच दिला तुला. आताही करू नकोस, क्लिफर्ड. पाया पडते तुझ्या.

क्लिफर्ड : बाकावर उभं करतील गं सर.

रेजिना : मग राहा उभा.