राखणीला काका

अहो, आमच्या घरी मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय मुलीनं गॅलरीतसुद्धा उभं राहायचं नाही. त्यात मी गडावर मुक्कामाला जायचं म्हणाले. बाबांनी अट घातली, "वसंतकाका बरोबर असतील तरच."

मुळशीतला कोराईगड शाळेतली पोरंही हसतखेळत चढतात. आम्ही मैत्रिणी निघालो, एसटीनं, घरची भाकरी-चटणी बांधून, राखणीला काका घेऊन. पायथ्याच्या गावात काका एका ओसरीवर टेकले, ते उठेचनात. घरातल्या बाई म्हणाल्या, "मामा, तुमी हितंच पडा. पोरी जात्यात की वर." आम्ही गेलो, वर देवळात झोपलो आणि सकाळी उतरून काकांना जागं केलं.

घरी आल्यावर काका चहा पीत बाबांना सांगत होते, "वर वारा काय होता, दादा. मुलींच्या काळजीनं रात्रभर डोळा लागला नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "बघ, म्हणून मोठं माणूस लागतं."

"लागतंच," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात तोरणा आहे, याच्या दुप्पट चढण. काका, याल ना?"

काकांनी कप खाली ठेवला.

"दादा, मुली आता चांगल्या तयार झाल्यात," ते म्हणाले. "जाऊ देत एकट्या."