कोंबडीचा फोटो

नाही नाही, स्टिकर काढू नका साहेब — मुद्दाम लावलेत ते. आपल्या जर्मनीत बंदी आहे ना, नाझी चिन्ह उघडं दिसलं की बाजाराचा माणूस येऊन टेबलच उचलायला लावतो. घरी नेऊन काढा, मग तुमचा अल्बम, तुमची मर्जी. वडिलांचा आहे, हो — सैन्यात होते तेव्हाचा, रशियातला, बेचाळीस सालचा. फोटो त्यांनीच चिकटवलेले, खालची पांढरी अक्षरंही त्यांचीच. बघा ना, निवांत बघा. हा त्यांचा ट्रक, हा त्यांचा स्वयंपाकी, आणि हा — हसलात ना? हसणारच! कोंबडीमागे पळताहेत ते बाबाच. रविवारी केक खाऊन झाला की मी हेच पान उघडायचे, आणि बाबा कोंबडी होऊन टेबलाभोवती पळायचे, पंख फडफडवत, आई ओरडेपर्यंत. एरवी बोलायचे नाहीत हो ते. आठवडाभर गप्प. त्या एका फोटोपुरते माझे असायचे.

काय? इथे कुठे चिन्ह आहे? — नाही, इथे नाहीये. दारात एक बाई आहे, गावातलीच कुणीतरी. सकाळी घाईत लागला असेल एखादा स्टिकर जास्तीचा — नाही, लागला नाही. लावला मी. ती दिसली की गिऱ्हाईक हसता हसता थांबतं, मग अल्बम जात नाही. आणि आज हा जायलाच हवा, मला घरात नकोय. तुम्हाला वाटत असेल, म्हातारीला आत्ता कळलं. कुठलं आत्ता! तेव्हाही दिसायची ती मला — अनवाणी, बर्फात, दोन्ही हात असे कोंबडीकडे पुढे केलेले. पान धरताना मी अंगठा बरोब्बर तिच्यावर ठेवायचे. ती दिसली तर बाबा पळायचे थांबतील, ही भीती. एवढीशी पोर, पण एवढं कळत होतं. आणि बाबांनी एकदासुद्धा म्हटलं नाही की इर्मट्राउट, अंगठा काढ. लाज वाटते हो, फार लाज वाटते — आणि तरी त्यांची ती कोंबडी आठवली की हसू येतं. आत्ताही आलं, तुमच्यासमोर. बघितलंत ना?

थांबा, तुम्ही नको, तुमचं नख लागेल तिला. मी काढते स्टिकर. हळू... हं. ही बघा.

आता हसा.

— ठेवा तो अल्बम खाली. पाकीट आत घाला. नाही विकायचा म्हटलं ना! त्या पलीकडच्या टेबलावर जा, तिथे युद्धातली पदकं मिळतील तुम्हाला.