थोडंफार वल्हवता येतं

"या पोरीला काय म्हणावं, ओस्लाऊग! एवढा पानभर अर्ज, पण कामाची एक ओळ नाही." बोटीच्या धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहात राग्नफ्रिद आजींनी नातीचा कागद शेजारणीच्या नाकासमोर धरला.

"कसला अर्ज गं?"

"म्हाताऱ्या कॅप्टनने मरताना ठेवलेली शिष्यवृत्ती. कॉलेजसाठी. आपल्या बेटावरच्या, वल्हवता येणाऱ्या पोरांनाच मिळते. आणि ही बाई लिहिते, 'मला थोडंफार वल्हवता येतं.'"

"अगं बाई! वादळात बोटी बंद होत्या, तेव्हा पलीकडून डॉक्टरला वल्हवत हिनेच ना आणलं?"

"हिनेच. माझ्या छातीत कळ आली होती म्हणून. आणि शेवट वाच: 'माझ्यापेक्षा कुणी गरजू असेल तर त्याला द्यावी.'"

"आजी, हळू बोल. सगळे ऐकतायत," इंगुन पुटपुटली.

"ऐकू देत. टपाल याच बोटीने जायचंय, आज शेवटची तारीख. ही हुकली की कॉलेज राहिलं, बस मासे साफ करत."

"पण स्वतःची टिमकी वाजवणारं माणूस इथे कुणाला आवडतं? तूच शिकवलंस. काल पाहुण्यांनी तुझ्या माशाच्या सुपाची तारीफ केली, तर म्हणालीस, 'खाण्यासारखं झालंय.'"

ओस्लाऊगला हसू आवरेना. बाहेर बोटीचा भोंगा वाजला. आजींनी पिशवीतून पेन काढून नातीच्या हातात कोंबलं.

"सुपाला कॉलेजात जायचं नसतं, पोरी. लिही: भर वादळात, एकटीने, ओकणाऱ्या डॉक्टरसकट. आणि अक्षर मोठं काढ, मला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."