सहा गुणांचा नावाडी

...नाही नाही, गेमचं मशीन घेते की मी, खुशाल घेते — फक्त आधी चालू करून बघावं लागतं, आतलं तुमचं सगळं पुसावं लागतं, मग ते विकायला फळीवर. दुकानाची पद्धतच आहे. बरोबर ही कुठल्या खेळाची डिस्क? — अरे देवा. ही होय. काही नाही हो, घेते ना, हिच्यासारख्या अजून चार पडल्यात मागं, सगळे हीच विकायला आणतात. तुम्हीपण या खेळाची परीक्षणं वाचली असतील ना, दहापैकी सहा गुण? ज्यानं त्यानं सहाच दिले. एखाद्यानं दोन दिले असते तर निदान भांडता तरी आलं असतं — सहा म्हणजे काय, शेजारणीनं दिलेल्या भाजीला आपण म्हणतो ना, 'छान होती हं', आणि वाटी परत करतो, तसलं. सहाला काय उत्तर देणार आम्ही?

आम्ही म्हणजे... हो, होते मी त्यात. आता निघूनच गेलं तोंडातून. हा खेळ बनवणारे आठजण होतो. खेळांना गुण देणारा तो चॅनेलवाला टोपीवाला आहे ना, तो म्हणाला, जपानी खेळांची नक्कल आहे — केस उभे असलेला अनाथ पोरगा, अंगापेक्षा मोठी तलवार, पाच स्फटिक गोळा करा, जग वाचवा, शंभरदा बघितलंय. मी कुठं नाही म्हणते? लहानपणी तसलेच खेळ खेळलो, तसलाच एक करायचा होता आम्हाला. त्याचा राग नाही आला मला. पण पुढं तो म्हणतो, गावातली माणसं आळशीपणानं लिहिलीत, तो नदीवरचा नावाडी तर कितीदाही भेटा, तीच दोन वाक्यं बोलतो — आणि हसला. दादा, गावातली माणसं मी लिहिली. चौऱ्याऐंशी माणसं, एकटीनं. आणि नावाडी तीच दोन वाक्यं बोलतो कारण माझे बाबा तीच दोन बोलायचे. रोज संध्याकाळी फोन — जेवलीस का? सवडीनं ये. झालं, ठेवला फोन. मीही हसायचेच तेव्हा.

आणि तिसरं वाक्य होतं हो! कुणालाच माहीत नाही, पण होतं. असं बघा, खेळात पुढं नदीवर पूल होतो, मग नावेची गरज संपते — तर पूल झाल्यावरही जो कोणी उगाच परत नदीवर जाईल, त्याला नावाडी म्हणणार होता, "काम नसताना आलास? मग बस." एवढंच. मला फार आवडलं होतं ते. पण आमचा नकाशेवाला, जो माणसं जागच्या जागी उभी करायचा, त्यानं पूल झाला की नावाडीच काढून टाकला. नाव लागत नाही तर नावाडी कशाला? त्याची काही चूक नाही, मी त्याला सांगायलाच विसरले. डोकं ठिकाणावर होतं कुठं — त्या आठवड्यात दवाखान्यात... म्हणजे मी नव्हते दवाखान्यात, तेच तर. भाऊ होता बाबांजवळ. मी दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा म्हटलं, खेळ एकदाचा बाहेर पडू दे, मग सवडीनं जाते. गेले. खाट आवरलेली होती, चादरसुद्धा बदललेली.

नंतर घरी बसून खेळले, पूल बांधला, नदीवर गेले, तर नुसती नाव. कंपनीच्या साहेबांना जाऊन सांगितलं, अर्ध्या दिवसाचं काम आहे, ज्यांनी खेळ घेतलाय त्यांना नेटवरून दुरुस्ती पाठवू या. ते शांतपणे म्हणाले, आठ मिळाले असते तर पाठवली असती, सहावाल्या खेळाला आता कोण हात लावतंय. खरंच होतं. महिन्याभरात आम्ही आठहीजण घरी. तेव्हापासून मी इथं, लोकांची मशीनं पुसते.

थांबा, लागला तुमचा खेळ. एकोणीस तास खेळलात? मग का सोडलात — कंटाळा आला? येतो, मधे फार रेंगाळतो तो. सांगितलं होतं मी त्यांना. पण... अहो, तुमचा पूल झालेलाच नाही. लाकडंच आणली नाहीत तुम्ही. हा बघा. हा बघा ना, उभाय. एकदा दाबते हं. — 'जेवलास का?' — हो हो, तुमची घाई कळते मला. 'सगळं पुसायचं का' विचारतंय, 'होय' दाबलं की संपलं, दिवसातून दहादा दाबते मी.

हे घ्या. नाही, मोडलेलं नाही, चांगलं आहे मशीन. आज नाही घेत आम्ही. मघाशी म्हटलं, खरंय, पण नाही घेत. वायर राहिली तुमची, घ्या. विकायचंच असेल तर चौकापलीकडच्या दुकानात द्या, तो आत काय आहे ते बघत नाही, सरळ पुसतो. आणि घरीच ठेवलंत, तर तो पूल तेवढा बांधू नका. — या आता. दार ओढून घ्या.