दोन सेकंदांची बचत

(इंद्रलोक, भाईंदर पूर्व. रविवारची सकाळ. पंढरीनाथ आणि अनसूया यांच्या घरी त्यांची मुलगी मिनल आली आहे.)

मिनल : दहा मिनिटं फक्त, बाबा. तुम्ही नेहमीसारखा आमच्या कंपनीचा ब्राउझर उघडायचा, वाटेल ते करायचं. मी बाजूला बसून नुसतं बघणार. आम्ही त्याचं रूप बदललं, स्पीड वाढवला, ते लोकांना कसं वाटतंय हे ऑफिसला हवंय.

पंढरीनाथ : दुसरं कुणी बघ. मी ते काम सोडलं.

मिनल : सोडलं? अख्खी बी विंग तुमच्याकडून ऑनलाइन फॉर्म भरून घेते!

पंढरीनाथ : घेत होती.

अनसूया : तीन महिने झाले. लॅपटॉप कपाटात, माझ्या साड्यांखाली. तुला सांगायचं नाही असं मला बजावलंय, म्हणून मी काही सांगत नाही.

मिनल : आई, नीट सांग ना.

अनसूया : समोरच्या हंसाबेनची नात, अनुष्का. तिचा कॉलेजचा फॉर्म भरायला बसले होते हे. शेवटचा दिवस. दीड तास खपून सगळं भरलं आणि फट्कन गायब!

पंढरीनाथ : मुदत बाराला संपत होती. पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतला. अर्ध्यावर आलो तर स्क्रीनवर लिहून आलं, वेळ संपली.

मिनल : मग?

अनसूया : मग काय! पार्ल्याच्या कॉलेजात जायचं होतं पोरीला, आता वसईला जाते. हंसाबेन चांगली हो. ‘टेन्शन मत लो भाईसाब, बच्ची का नसीब’ म्हणाली. पण आता ती लिफ्टमध्ये असली की हे चार मजले जिन्याने.

पंढरीनाथ : बत्तीस वर्षं आवक-जावक विभाग सांभाळला, मिनल. एक कागद गहाळ झाल्याचं कुणाच्या निदर्शनास आलं नाही. आणि इथे बोटाखालचा फॉर्म हरवला. डोकंच चालेनासं झालं, दुसरं काय.

अनसूया : म्हणून गेलो डॉक्टरकडे. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाला. तो बिचारा शहाऐंशीलाच ‘बस बस’ म्हणत होता, हे दोनपर्यंत खाली गेले.

पंढरीनाथ : सांगितलेलं काम अर्धवट ठेवायचं नाही.

मिनल : तुम्ही डॉक्टरकडे जाऊन आलात आणि मला एक फोन नाही?

पंढरीनाथ : तुझं काम चाललेलं असतं. उगाच कशाला. व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्यात, आणि रोज शब्दकोडं.

मिनल : बरं, फॉर्म गेला म्हणजे नक्की काय झालं? काय दाबलंत?

पंढरीनाथ : जन्मतारीख तपासायची होती, म्हणून मागच्या पानावर जायला बघत होतो. मागे जायचा बाणच दिसेना.

मिनल : आहे तो. माउस जवळ नेला की उमटतो.

पंढरीनाथ : कशाच्या जवळ?

मिनल : बाणाच्या.

पंढरीनाथ : जो दिसत नाही, त्याच्या.

मिनल : हो... म्हणजे, स्क्रीन मोकळी वाटावी म्हणून.

अनसूया : मोकळी कशाला हवी? हॉल आहे का तो?

पंढरीनाथ : मग कडेला करड्यावर फिकट करडं असं काहीतरी दिसलं, ते दाबलं. ती निघाली फुली. पूर्वी असं झालं की ब्राउझर विचारायचा, भरलेलं सगळं जाईल, खरंच बंद करायचं? मी ‘नाही’ दाबायचो. या वेळी विचारल्याचं आठवतच नाही. विचारलं असणारच. मीच ‘हो’ म्हटलं असेन.

मिनल : नाही विचारलं, बाबा.

पंढरीनाथ : तुला काय माहीत?

मिनल : तो प्रश्न मी काढून टाकला. लोक तिथे अडकतात, दोन सेकंद जातात, ब्राउझर सुस्त वाटतो, असं मी मीटिंगमध्ये मांडलं. आमचे हेड, नीरज, उभे राहून टाळ्या वाजवत होते.

अनसूया : म्हणजे शोकेसमध्ये ती काचेची ट्रॉफी ठेवलीय...

मिनल : त्याचीच.

अनसूया : अगं, मी ती हंसाबेनच्या हातात देऊन दाखवली गं!

पंढरीनाथ : थांबा जरा. म्हणजे माझं डोकं ठीक आहे?

मिनल : ठणठणीत आहे.

पंढरीनाथ : लिहून देशील?

मिनल : बाबा, चिडा ना माझ्यावर.

पंढरीनाथ : चिडेन. आधी एक सांग. ते दोन सेकंद वाचतात ना, त्यांचं लोक काय करतात?

मिनल : माहीत नाही. ते कुणी बघत नाही. उद्या मी सांगणार आहे, तो प्रश्न परत आणा आणि बाण दिसेल असा ठेवा. नीरज म्हणतील, तुझे बाबा आपले टार्गेट युजर नाहीत.

पंढरीनाथ : मग कोण आहे?

मिनल : इशिता. ऑफिसात भिंतीवर तिचा फोटो लावलाय. हातात कॉफीचा मग, हसतेय. सगळं ठरवताना आम्ही विचारतो, इशिताला आवडेल का?

अनसूया : ती कुठे राहते?

मिनल : कुठेच नाही, आई. आम्ही बनवलीय ती.

अनसूया : तरीच हसतेय.

मिनल : मी समोर जाऊन येते. हंसाबेनना सांगायला हवं. अनुष्कालाही.

पंढरीनाथ : जा, सांग. पण कॉम्प्युटरमध्ये बिघाड होता, एवढंच सांग. तुझं नाव घेऊ नकोस.

मिनल : तुम्ही तीन महिने स्वतःचं घेतलंतच ना?

पंढरीनाथ : माझं खपून गेलं. वय झालं म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही.

मिनल : मी माझं नाव सांगणार आहे. आणि तुम्हीही चला सोबत.

पंढरीनाथ : थांब. शर्ट बदलतो.