ह्यांच्या गुडघ्यातली गाठ

...आणि वर डॉक्टर मलाच सांगतात, "वय झालं!" अहो, वय झालं तर दोन्ही गुडघ्यांचं होईल ना? का डावा उजव्याच्या आधी जन्मला? तुम्हाला सांगते, आमचे हे फरश्या बसवतात, उभं आयुष्य गुडघ्यावर काढलेलं! त्यामुळे डावा गुडघा टम्म सुजला तेव्हा जो तो डॉक्टर झाला. सासूबाई म्हणाल्या, "शेक दे." जाऊबाई म्हणाल्या, "बर्फ लाव." मी दोन्ही केलं, गुडघा ना इकडचा राहिला ना तिकडचा! कोपऱ्यावरचे डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणतात, "हाड छान आहे. वय झालं." झालं! गिळा गोळ्या...

मग एक दिवस हे फरशी ठोकून उठायला गेले आणि पाय जो अडकला, सरळच होईना! गिऱ्हाइकाच्या न्हाणीघरातून दोघांनी उचलून आणलं हो. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनबाईंनी सुईने पाणी काढलं, तर लालसर तपकिरी! त्या काही "वय झालं" म्हणाल्या नाहीत, तेव्हाच मी देवाचा धावा सुरू केला. एमआरआय झाला. म्हणाल्या, "आत ट्यूमर आहे..." आणि चष्मा पुसत बसल्या! ह्या वेळेला चष्मा? ह्यांनी माझा हात असा दाबला, की बांगडी रुतली. मग म्हणतात, "दुर्मीळ आहे, पण कॅन्सर वाटत नाही. काढून तपासू, मग पक्कं सांगते." हे एवढंच म्हणाले, "पुन्हा गुडघा टेकता येईल ना, बाई? मला दुसरं काही येत नाही."

ऑपरेशन दोन बारीक भोकांतून, दुर्बीण घालून. कमरेखाली बधिर, तोंड मात्र चालू! नर्सने सांगितलं म्हणून कळलं, पडद्यावर स्वतःचाच गुडघा बघत हे म्हणतात, "बाई, तो कोपरा खरवडायचा राहिला." बाई म्हणाल्या, "ते तुमचं हाड आहे, राहू द्या की!" निघालं काय, तर शेंगदाण्याएवढी गाठ! रिपोर्ट आला, अगदी साधी. "परत होऊ शकते, अधूनमधून दाखवून जा," म्हणाल्या. मी रडले, हे हसले, सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा शेंगदाण्यासाठी एवढा शेक?"

आता हे परत कामावर जातात, खाली उशी घेऊन का होईना, गुडघा टेकतात. पण माझ्या मागे वेगळंच लागलंय ना! काल मला नुसती शिंक आली, तर हे चपला घालून दारात उभे, "अंगावर काढू नकोस... चल, एमआरआय करून येऊ!"