गोळ्याचा डाव

रविवार, दुपारचे चार. उधन्यातलं एक व्हिडिओ गेम पार्लर, राक्षसांच्या झुंजीची अंतिम लढत. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी बातमीसाठी गेलो होतो. बक्षीस होतं सायकल. बमरोलीहून रोज चालत कापडाच्या लूमवर येणाऱ्या भिकन पाटलाला ती हवीच होती.

समोर पार्लरवाल्या शेठचा मेहुणा, त्याचा राक्षस आग ओकणारा, पण वार पाचच. भिकनने निवडला गोळा नावाचा राक्षस. गोळ्याला स्वतःची काडीचीही ताकद नाही. तो फक्त समोरच्याचं रूप घेतो.

"अरे, रूप घे लवकर, मरशील!" मी ओरडलो.

"थांबा भाऊ, त्याची आग संपू द्या."

मेहुण्याने आगीचे पाचही वार उधळले. गोळा अर्धमेला झाला, तेव्हा कुठे भिकनने रूप घेतलं. नव्या रूपाबरोबर पाच कोरे करकरीत वार! दोनातच मेहुणा आडवा.

"आ तो चीटिंग छे!" शेठ उठला. "नक्कल चालणार नाही."

"शेठ, त्यानं कामच ते शे," भिकन पडद्यावरच्या गोळ्याकडे बोट दाखवत म्हणाला.

शेठच्या दुकानातल्या झाडून सगळ्या कॅसेटी नकली होत्या. मी भडकलो. "कुठे लिहिलाय हा नियम?"

"बाहेर, पाटीवर. आधी चहा तर घ्या, पत्रकारसाहेब."

चहा झाल्यावर बाहेर गेलो. पाटी होती: 'नक्कल करणारा बाद.' खाली आदल्या आठवड्याची तारीख.

सायकल मेहुण्याने नेली. मी पाटीवरून बोट फिरवलं, तर रंग बोटाला लागला. आठवड्यापूर्वीचा रंग ओला कसा, हे शेठने अजून सांगितलेलं नाही.